रकाना नसलेली मासळी

भंडारा-गोंदियाच्या खेड्यांत ‘मामा तलाव’ हा शब्द रोजच्या वापरातला आहे. नवख्या माणसाला त्यात मामाच्या गावाचा जिव्हाळा ऐकू येतो. शब्द मात्र कचेरीतून गावात आलेला आहे. ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडली आणि मामा झाला. पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्यांत, असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव सरकारदप्तरी आहेत. एक मालक होता आणि तो आता नाही, एवढा इतिहास या दोन अक्षरांत आला.

त्या तलावावर बापामागून लेकाने जाळे टाकले आणि घरच्या बायांनी टोपलीभर मासळी बाजाराला नेली, अशी शेकडो घरे मात्र या नावात नाहीत. ही घरे ढिवरांची. तलाव कुणी बांधला, सारा कुणी भरला, मालकी कधी सरकारात गेली, याचे कागद आहेत. ढिवराच्या घराचा त्या पाण्यावर काय हक्क होता, हे कोणत्या कागदात आहे? गॅझेटियर, जातिवर्णनाचे ग्रंथ, कायद्याची कलमे आणि न्यायनिवाडे शेजारी शेजारी मांडून वाचले, तर या प्रश्नाचे उत्तर बरेचसे लागते. ते लावण्याचा हा प्रयत्न आहे. मध्यभागी नवेगावबांध धरू, कारण या सगळ्या तलावांत जुन्या कागदांनी सर्वांत जास्त लक्ष त्याच्याकडे दिले.

बांधणारा

१८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला आणि लगोलग त्या प्रांताची माहिती गोळा होऊ लागली. चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेले मध्य प्रांताचे गॅझेटियर १८७० साली निघाले. पुढे १९०८ साली आर. व्ही. रसेल यांच्या संपादनाखाली भंडारा जिल्ह्याचे स्वतंत्र गॅझेटियर आले. जिल्ह्यात साडेतीन हजारांहून अधिक लहानमोठी तळी आहेत आणि त्यावरूनच हा नागपूर प्रदेशातला तलावांचा मुलूख ओळखला जातो, ही गोष्ट इंग्रजी नोंदींत पुन्हा पुन्हा येते. नवेगावच्या तलावाचे क्षेत्र ५ चौरस मैल आणि घेर १७ मैल दिलेला आहे. म्हणजे सुमारे १३ चौरस किलोमीटर पाणी आणि २७ किलोमीटरांचा काठ.

बांधणाऱ्याचे नावही नोंदले आहे: कोलू पाटील, जातीने कोहळी, काळ अठराव्या शतकाचा आरंभ. भोवतीच्या टेकड्यांमधल्या खिंडी त्याने पाळ घालून बुजवल्या आणि डोंगरांचीच कड करून पाणी अडवले. त्या डोंगरांना लोक सात बहिणी म्हणतात. तलाव उभा करणारा कोलू पुढे कोलासूर देव झाला आणि त्याचे ठाणे काठच्या डोंगरावर मानले जाऊ लागले. देव झालेल्या माणसाची ही दंतकथा इतिहासाच्या कामाची आहे. तलाव कुण्या राजाने बांधला नाही, एका पाटलाने बांधला, ही आठवण तिने दीडशे वर्षे जपली आणि गॅझेटियरच्या लेखकापर्यंत पोचवली.

कोहळ्यांविषयीचा मोठा मजकूर रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या ‘मध्य प्रांतातील जाती-जमाती’ या चार खंडांच्या इंग्रजी ग्रंथात आहे. तो १९१६ साली प्रसिद्ध झाला. वैनगंगेच्या खोऱ्यातले मोठमोठे तलाव बांधणारी जात, अशी कोहळ्यांची ओळख तिथे पहिल्याच वाक्यांत येते. तलावाचे पाणी धानाला आणि उसाला, आणि ऊस हे कोहळ्याचे आवडते पीक, असेही नोंदले आहे. चांद्याच्या गोंड राजाने आपल्याला काशीहून आणले, ही कोहळ्यांची परंपराही तिथेच येते. बांधणाऱ्याची बाजू अशी पक्की आहे: नाव, जात, काळ, पीक, देवस्थान.

मालक

तलाव बांधला तेव्हा कोलू पाटील होता, मालगुजार नव्हता. हा फरक बारीक दिसतो, पण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. गोंडांच्या आणि भोसल्यांच्या राज्यात पाटील गावचा सारा गोळा करी, गाव वसवी, तलाव राखी. १८५३ साली तिसरे रघूजी भोसले वारले आणि नागपूरचे राज्य खालसा झाले. त्यानंतर १८६० च्या दशकात जी जमीनबंदोबस्ती झाली, तीत इंग्रज सरकारने या सारा गोळा करणाऱ्यांनाच गावाचे मालक ठरवले. पाटलाचा मालगुजार झाला. जे राखायचे होते, ते आता त्याच्या मालकीचे झाले. त्यात तलाव आला आणि पाण्याच्या पोटात जे होते तेही आले.

तेव्हापासून गावागावांत दोन प्रकारचे कागद तयार होऊ लागले. एक हक्कनोंदणीचा: कोणता तुकडा कुणाचा, सारा किती. दुसरा गावाच्या रिवाजांचा, त्याला वाजिब-उल-अर्ज म्हणत. ‘अर्ज करण्यास योग्य ते’ असा त्या फारसी नावाचा अर्थ. पाणी कुणी कसे घ्यायचे, वाट कुठून जायची, हे तोंडी चालत आलेले नियम त्यात उतरवले जात. धानाच्या शेतकऱ्याला त्याचा मोठा आधार होता. तलाव मालगुजाराचा असला तरी आपल्या बांधीला पाणी मिळणे हा आपला रिवाज आहे, हे तो कागदावर दाखवू शकत होता.

जाळे टाकणारा

आता त्याच १९१६ च्या ग्रंथात ढिवर शोधू. ग्रंथ वर्णानुक्रमाने लावलेला आहे. त्यामुळे ढिवर, म्हणजे त्यांच्या शब्दांत धीमर, दुसऱ्या खंडात आहे आणि कोहळी तिसऱ्यात. एकाच पाळीवर शेजारी राहणाऱ्या दोन जाती दोन जिल्दींत गेल्या. तलाव समजून घ्यायचा तर दोन्ही जिल्दी एकाच वेळी उघडाव्या लागतात.

धीमरांच्या प्रकरणात मासेमारी, पालखी वाहणे आणि पाणी भरणे ही कामे सांगितली आहेत. त्यापुढे पोटजातींची यादी येते आणि तिथे वाचताना थांबावे लागते, कारण ती नावे कामांवरून पडलेली आहेत. बांबूच्या गळकाठीने मासे धरणारे ते बन्सिया आणि सरैया. झिंगे धरणारे ते झिंगा. नदीच्या वाळूतून सोन्याचे कण धुऊन काढणारे सोनझारा. जात्याला टाकी लावणारे टंकीवाले. आणि शिंगाड्याची लागवड करणारे सिंगाडिया.

हे शेवटचे नाव मला सर्वांत मोलाचे वाटते. मासा आपण होऊन येतो, शिंगाडा लावावा लागतो. त्याची वेल पाण्यावर तरंगते, मुळे खालच्या गाळात उतरतात. पावसाळा सरला की पानांखाली काटेरी फळे धरतात. मग पाण्यात उतरून किंवा डोंग्यात बसून एकेक वेल हातांनी उलटायची, काटे चुकवत फळ तोडायचे आणि वेल पुन्हा पाण्यावर पसरून पुढे सरकायचे. हिरवा शिंगाडा तसाच किंवा उकडून खातात आणि वाळवलेल्याचे पीठ घरोघरी उपवासाला चालते. लावणीपासून तोडणीपर्यंत पाण्याचा तो तुकडा राखावा लागतो. आज लावलेले उद्या आपल्यालाच तोडायला मिळेल, याची खात्री असल्याशिवाय कुणी पाण्यात पीक लावत नाही. ज्या समाजाच्या एका शाखेचे नावच या पिकावरून पडले, त्याचा पाण्यावर ठरलेला आणि सगळ्यांनी मानलेला ताबा असलाच पाहिजे. हा निष्कर्ष माझा आहे, पण तो सरकारी अधिकाऱ्यांनी छापलेल्या नावातून निघतो.

म्हणजे १९१६ पर्यंतचे चित्र असे आहे. ढिवराचा धंदा नोंदला गेला, त्याच्या कौशल्याचे बारकावे नोंदले गेले. पण हे सारे जातिवर्णनात नोंदले गेले, हक्काच्या कागदात नाही. तलाव मालगुजाराचा, मासेही त्याचेच, आणि ढिवराने त्याच्याशी बोलून जाळे टाकायचे, ही व्यवस्था तोंडी चालली. मालक आणि ढिवर एकाच गावात राहत होते. दोघांच्या बापांनीही तसेच केले होते. तोवर कागदाची गरज कुणालाच भासली नाही.

यादीतला एक शब्द

३१ मार्च १९५१ या दिवशी गरज भासली. मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन अधिनियम, १९५० या कायद्याने त्या तारखेला मालगुजाऱ्या संपल्या. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. शेतकऱ्याच्या डोक्यावरचा मधला मालक गेला. हा कायदा न्यायाचा होता आणि त्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

पण त्याचे चौथे कलम नीट वाचायला हवे. मालकाचे कोणकोणते हक्क सरकारात जातील याची तिथे यादी आहे: पडीक आणि वहितीची जमीन, गवताळ रान, झुडपी जंगल, झाडे, मासे, विहिरी, तलाव, पाण्याचे चर, वाटा, गावठाण, हाट, बाजार, जत्रा. झाडे आणि विहिरी यांच्यामध्ये ‘मासे’ हा एकच शब्द उभा आहे.

त्या शब्दातून दोन गोष्टी सिद्ध होतात. पहिली, तलावातला मासा कायद्याच्या दृष्टीने मालगुजाराचा होता, कारण जे मालकाचे नव्हते ते मालकाकडून काढून घेता येत नाही. दुसरी, ३१ मार्चनंतर तो मासा सरकारचा झाला. कुळाच्या जमिनीचे काय, मालकाच्या घरवाडीचे काय, यासाठी कायद्यात तरतुदी होत्या. यादीत मासा होता, पण तो धरणारा माणूस नव्हता. तोंडी व्यवस्थेतला एक पक्ष रातोरात बदलला आणि नव्या पक्षाला जुने बोलणे ठाऊक नव्हते.

चिल्क्याचा निवाडा

तोंडी बोलण्याची कायद्यात काय किंमत होती, हे चार वर्षांनी ओरिसातल्या एका खटल्यात कळले. चिल्का सरोवराच्या काही भागांत मासे धरण्याचा हक्क काही मच्छीमारांनी पारिकुडच्या राजाकडून पैसे देऊन घेतला होता. त्यांच्याजवळ पावत्या होत्या. दरम्यान ओरिसातही जमीनदारी गेली, सरोवर सरकारात गेले आणि सरकारने तो हक्क मानला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले.

२७ ऑक्टोबर १९५५ चा हा निवाडा न्यायमूर्ती व्हिवियन बोस यांनी लिहिला. ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. मालगुजारी मुलखाची राहणी आणि रिवाज जवळून पाहिलेला हा न्यायाधीश होता. निवाड्याचा आशय साध्या शब्दांत असा: पाण्यात शिरून मासे धरून नेण्याचा हक्क हा स्थावर मालमत्तेतला हक्क आहे. शंभर रुपयांवरची स्थावर मालमत्ता लेखी आणि नोंदणीकृत दस्ताशिवाय हस्तांतरित होत नाही. इथे तसा दस्त नाही, म्हणून हक्कही नाही. आणि हा केवळ दोघांमधला करार मानला, तर सरकार त्या करारात पक्षकारच नव्हते. दोन्ही वाटा बंद झाल्या.

कायद्याच्या चौकटीत हा निकाल चोख आहे. पण त्याचा दुसरा अर्थ वैनगंगेच्या काठी पोचायला हवा होता. न्यायालयाने मासेमारीचा हक्क जमिनीच्या हक्काइतका वजनदार मानला. तो मजुरी नाही, मेहेरबानी नाही, स्थावर मालमत्तेतला हक्क आहे. उणीव होती ती नोंदलेल्या कागदाची. चिल्क्याच्या मच्छीमारांकडे निदान पावत्या होत्या, भंडाऱ्याच्या ढिवराकडे बहुधा तेवढ्याही नव्हत्या.

दोन दप्तरे, दोन्हींत नाही

१ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला, १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि लहान तलाव त्यांच्याकडे गेले. मग महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आली. विदर्भातल्या जुन्या रिवाजांसाठी तिच्यात १६१ पासूनची कलमे आहेत. जुनी निस्तार-पत्रकाची, म्हणजे गावच्या पडीक जागेच्या वापराच्या नोंदीची, आणि वाजिब-उल-अर्जाची पद्धत त्यांत पुढे चालू ठेवलेली आहे.

निस्तार-पत्रकात काय यावे, ते कलम १६२ सांगते: गुरांची चराई, लाकूड, सरपण, इतर वनोपज, मुरूम, कंकर, वाळू, माती, दगड. गावाला पडीक जागेतून जे जे लागते ते जवळजवळ सगळे आहे. त्यात मासे नाहीत.

मग वाजिब-उल-अर्जाकडे वळायचे. तिथे, कलम १६५ मध्ये, मासेमारीचा हक्क स्पष्ट शब्दांत आहे. जिल्हाधिकाऱ्याने प्रत्येक गावातला पाण्याचा, वाटेचा आणि मासेमारीचा रिवाज शोधून नोंदवायचा आहे. पण त्याच वाक्यात अट आहे: जी जमीन किंवा जे पाणी राज्य सरकारच्या किंवा जिल्हा परिषदेच्या मालकीचे, ताब्यातले वा व्यवस्थापनातले नाही, त्यापुरतेच. मालगुजारी तलाव तर १९५१ पासून सरकारचे झालेले. रिवाज नोंदवायचा रकाना आहे, पण ज्या तलावांवर तो रिवाज होता, नेमके तेच त्या रकान्याबाहेर राहिले.

हे कुणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. सरकारी पाण्याची व्यवस्था वेगळ्या नियमांनी होईल, असा साधा विचार त्यामागे असणार. पण परिणाम खरा आहे. मालगुजाराच्या काळात जो हक्क तोंडी होता, तो लोकशाहीच्या काळात लिहिला जायची संधी आली आणि ती या अटीपाशी थांबली.

बीज आणि ठेका

जुन्या रिवाजाची जागा सहकारी संस्थेने घेतली. तलाव ठेक्याने घ्यायचा, रक्कम भरायची, मुदत संपली की पुन्हा घ्यायचा. ढिवरांच्या संस्थांनी या व्यवस्थेतही पाय रोवले, हे त्यांचे कर्तृत्व आहे. गावातल्या शिकलेल्या-न शिकलेल्या माणसांनी इतिवृत्ते लिहिली, हिशेब ठेवले, बँकेत खाती काढली. या समाजाने स्वतःच्या हाताने स्वतःविषयी लिहिलेले कागद म्हणून त्या वह्यांचे मोल मोठे आहे.

याच काळात तलावातला मासाही बदलला. कटला, रोहू आणि मृगळ हे मासे वाहत्या नदीत अंडी घालतात, साठलेल्या पाण्यात त्यांचे प्रजनन होत नाही. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात अंतःस्रावाचे इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांचे प्रजनन घडवण्यात डॉ. हिरालाल चौधुरी यांना यश आले. त्यानंतर मत्स्यबीज हवे तसे मिळू लागले आणि तलावातले उत्पादन वाढले. पण बीज दरवर्षी विकत आणून सोडावे लागते आणि त्याला भांडवल लागते. मरळ, शिंगी, मागूर हे तलावातच वाढणारे मासे कुणी सोडलेले नव्हते. ते तलावाचे होते आणि म्हणून गावाचे होते. बीज आले तशी मासळी ठेकेदाराची झाली. ज्या घराकडे भांडवल नाही, त्याचे जाळे पाण्यापासून एक पाऊल आणखी दूर गेले.

तलावाभोवतीच्या रानाचीही ओळख बदलली. १९७५ साली नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले. त्या रानाची, पाण्याची आणि पाखरांची माहिती मारुती चितमपल्लींच्या लेखनाने मराठी वाचकाच्या घरात पोचवली. वनाधिकारी असूनही ते काठावरच्या जाणत्या माणसांपाशी शिकायला बसले, हे त्यांचे थोरपण. गॅझेटियरने जे केले नाही ते त्यांनी केले: पाणी ओळखणाऱ्याला माहीतगार मानले.

नमुना ब

‘मासे’ हा शब्द लोकांचा हक्क म्हणून कायद्यात यायला २००६ साल उजाडले. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्क अधिनियमात, कलम ३(१)(घ) मध्ये, पाणसाठ्यांतले मासे आणि इतर उत्पन्न हा सामूहिक हक्क म्हणून मान्य झाला. सामूहिक दाव्याच्या ‘नमुना ब’ अर्जात त्यासाठी वेगळा रकाना आहे. १९५१ च्या यादीत मासा सरकारात गेला होता, ५५ वर्षांनी दुसऱ्या यादीत तो लोकांकडे परत यायची वाट उघडली. हा कायदा वनजमिनीपुरता आहे, म्हणून सगळे मामा तलाव त्यात येणार नाहीत. पण पूर्व विदर्भात रानाच्या पोटात असलेले तलाव थोडे नाहीत.

अट पुन्हा कागदाचीच आहे. ढिवर समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आहे, अनुसूचित जमातींच्या नाही. म्हणून त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून दावा करावा लागतो आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. हिशेब १९३० सालापर्यंत मागे जातो. आणि पुरावा म्हणून नियम काय मान्य करतात? गॅझेटियर, जनगणना, बंदोबस्ताचे अहवाल, हक्कनोंदी, ठेकेपट्टे, जुनी बांधकामे, पूजास्थाने, आणि गावातल्या वृद्धांचा लिहून घेतलेला जबाब.

म्हणून १९०८ चे गॅझेटियर आणि १९१६ चा ग्रंथ आज केवळ अभ्यासकाचे राहिलेले नाहीत. ज्या पानांवर ढिवराला फक्त जात म्हणून जागा मिळाली, तीच पाने त्याच्या हक्काची साक्ष देऊ शकतात. पण ती एकटी पुरणार नाहीत, कारण त्यांत जिल्हा आहे, गाव नाही. गाव घरातल्या कागदांत आहे.

काठावरच्या गावांतल्या वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. आजोबांच्या ट्रंकेत मालगुजाराच्या सहीची चिठ्ठी असेल, संस्थेची पहिली इतिवृत्त-वही असेल, ठेक्याची पावती असेल, शिंगाड्याच्या विक्रीचा हिशेब असेल, तर तो कागद रद्दीत देऊ नका. त्याची छायाप्रत काढा, मागे तारीख आणि गावाचे नाव लिहा, आणि एक प्रत ग्रामसभेच्या दप्तरात ठेवा. ज्या आजीने लहानपणी तलावाच्या काठी मासळी वाटून घेतलेली पाहिली आहे, तिचे सांगणे याच हिवाळ्यात लिहून घ्या आणि खाली तिचा अंगठा घ्या. पहिल्यांदाच अर्जात मासळीचा रकाना आला आहे. तो रिकामा सोडू नका.